तंत्रज्ञान उद्योगातील जनसंपर्क व समाजमाध्यम विपणन

तंत्रज्ञान कंपन्यांनी आपली उत्पादने, धोरणे आणि चुका यांविषयी ग्राहक, पत्रकार, गुंतवणूकदार व सॉफ्टवेअर विकसक यांच्याशी राखलेला पद्धतशीर संवाद म्हणजे या उद्योगातील जनसंपर्क होय. याच वर्गांपर्यंत समाजमाध्यमांतून पोहोचून उत्पादनाची मागणी वाढविण्याच्या प्रयत्नांना समाजमाध्यम विपणन म्हणतात. एकेकाळी विश्वास संपादन करणारा विभाग निराळा आणि विक्रीला हातभार लावणारा निराळा अशी कामाची वाटणी असे. आता कंपनीच्या एकाच खात्यावरून जाहिरात, तक्रारींची उत्तरे आणि सेवा बंद पडल्याची सूचना अशी तिन्ही कामे होत असल्याने ही वाटणी बरीचशी पुसट झाली आहे.

या उद्योगात विकली जाणारी वस्तू बहुधा दिसत नाही. चिपच्या गणिताची अचूकता किंवा सॉफ्टवेअरची सुरक्षितता सामान्य ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही, म्हणून तो विश्वासावर खरेदी करतो. मात्र त्याच ग्राहकवर्गात कंपनीचा प्रत्येक दावा मोजून पाहण्याची क्षमता असलेले अभियंते आणि संशोधकही असतात. या दोघांना एकाच वेळी, एकाच विधानातून समाधानकारक उत्तर देणे हे येथील जनसंपर्काचे सर्वांत अवघड काम आहे.

आधुनिक जनसंपर्काच्या पायाभरणीत अमेरिकन जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांना उद्देशून प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांना महत्त्वाचे स्थान आहे. संगणक उद्योगात या कामाला स्वतंत्र वळण मिळाले ते सिलिकॉन व्हॅलीत, १९७० च्या दशकात. चिप बनविणारी इंटेल आणि संगणक बनविणारी ॲपल यांचे सल्लागार रेजिस मॅकेना यांनी असे धोरण ठेवले की, तांत्रिक उत्पादनाची प्रतिष्ठा प्रथम विश्लेषक, व्यावसायिक नियतकालिके आणि सुरुवातीचे जाणकार ग्राहक यांच्या लहान वर्तुळात घडते आणि नंतर ती बाहेर पसरते. याउलट, १९९१ मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू करून संगणकाच्या आत दडलेल्या एका सुट्या भागाचे नाव थेट सामान्य ग्राहकाच्या ओळखीचे केले.

या ओळखीची किंमत १९९४ मध्ये मोजावी लागली. अविभाज्य संख्यांवर संशोधन करणारे अमेरिकन गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात चूक आढळली. त्यांनी ती काही परिचितांना कळविली आणि ते पत्र इंटरनेटवरील चर्चागटांत वेगाने पसरले. सामान्य वापरकर्त्याला ही चूक सुमारे २७,००० वर्षांतून एकदा जाणवेल, असे इंटेलचे म्हणणे होते, आणि अचूकतेची विशेष गरज असल्याचे पटवून देणाऱ्यांनाच कंपनी चिप बदलून देत होती. हा हिशेब संगणक बनविणाऱ्या आयबीएमने अमान्य केला आणि पेंटियमचे संगणक पाठविणे थांबविले. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागणाऱ्या प्रत्येकाला चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखविला. संभाव्यतेचे गणित काहीही असो, कोणाचे काम पुरेसे महत्त्वाचे आहे हे कंपनीने ठरवावे, हीच गोष्ट ग्राहकांना मान्य नव्हती. समाजमाध्यमे जन्माला येण्यापूर्वीच त्यांच्या काळातील संकटाचा सगळा आराखडा या प्रकरणात दिसून आला होता.

लिंक्डइन, फेसबुक, यूट्यूब आणि ट्विटर ही माध्यमे २००३ ते २००६ या काळात सुरू झाली. त्यांमुळे प्रसिद्धिपत्रक, पत्रकार परिषद आणि ठरावीक वेळेपर्यंत बातमी रोखून धरण्याची अट ही जुनी साधने संपली नाहीत. पण आरोप आणि त्याचे उत्तर एकाच जागी, सर्वांसमोर येऊ लागले. विकसकांच्या बाबतीत तर नेटके दस्तऐवजीकरण, खुला कोड आणि अभियंत्यांनी स्वतः केलेले लेखन हेच सर्वांत परिणामकारक विपणन ठरते, कारण अतिशयोक्ती त्यांच्या लगेच लक्षात येते.

बिघाडाच्या वेळी याचा कस लागतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी विकसकांचा कोड साठविण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, काम यूट्यूबवर थेट दाखविले आणि सुमारे सहा तासांची माहिती गेल्याचे व राखीव प्रतींची व्यवस्था निकामी ठरल्याचे मान्य केले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. हा सायबर हल्ला नाही आणि उपाय पाठविला आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी समाजमाध्यमावर तातडीने सांगितले. ती माहिती खरी आणि आवश्यकच होती, तरीही त्या पहिल्या संदेशात क्षमायाचना नसल्याबद्दल टीका झाली. विमाने आणि रुग्णालयांची कामे खोळंबलेली असताना केवळ तांत्रिक अचूकता अपुरी पडणे स्वाभाविक होते.

दावा करतानाही तितकीच जोखीम असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने बार्ड या संवादप्रणालीची जाहिरात ट्विटरवर दिली. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे पहिले छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतले, असे उत्तर त्या जाहिरातीतच होते. असे छायाचित्र २००४ मध्ये चिलीतील दुर्बिणीने घेतले असल्याचे खगोलशास्त्रज्ञांनी निदर्शनास आणले आणि गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले. प्रसिद्धीपूर्वी मजकूर विषयतज्ज्ञाने वाचण्याची साधी शिस्त येथे पुरेशी ठरली असती.

कायद्याने या क्षेत्राला हळूहळू गाठले. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये फेसबुकवर दिलेल्या माहितीच्या प्रकरणानंतर, कोणत्या खात्यावर पाहायचे हे गुंतवणूकदारांना आधी कळविले असल्यास महत्त्वाच्या घोषणा समाजमाध्यमांवर करता येतील, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये स्पष्ट केले. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसे उघड सांगितले पाहिजे, हे तेथील व्यापार आयोगाने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले होते. एक्सबॉक्स वन या खेळयंत्राच्या प्रचाराचे पैसे घेतल्याचे व्हिडिओकारांनी लपविल्याबद्दल मशिनिमा या कंपनीवर २०१५ मध्ये याच आयोगाने कारवाई केली.

परिणामांचे मोजमाप हा वादाचा विषय आहे. बातमीने व्यापलेल्या जागेची किंमत जाहिरातीच्या दराने काढण्याची पद्धत बार्सिलोना येथे २०१० मध्ये स्वीकारलेल्या व्यावसायिक तत्त्वांनी नाकारली. अनुयायी आणि पसंतीचे आकडे हेही तितकेच अपुरे आहेत, कारण खाती आणि प्रतिसाद विकत घेता येतात. चाचणी वापरातून ग्राहक किती झाले, मदतकक्षाकडे येणाऱ्या तक्रारी कशा बदलल्या आणि बिघाडानंतर किती जण टिकले, ही मापे अधिक विश्वसनीय आहेत. ती हाती यायला मात्र कित्येक महिने लागतात आणि त्यांत उत्पादन विभागाच्या कामाचा वाटा वेगळा काढता येत नाही.