आकाशातील अनोळखी दिवे आणि एका घरातील पाच साक्षी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सायंकाळी सातच्या सुमारास, सांगली जिल्ह्यातील तासगावजवळच्या एका वस्तीवर एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाने आकाशात विलक्षण दृश्य पाहिले. नैर्ऋत्येकडून दिव्यांची एक सरळ ओळ वर आली, कसलाही आवाज न करता जवळजवळ डोक्यावरून सरकली आणि ईशान्येकडे जाता जाता नाहीशी झाली. त्यानंतर काही मिनिटांतच, त्याच ईशान्य दिशेला क्षितिजापासून थोड्या उंचीवर, लाल-हिरवा लुकलुकणारा एक दिवा घरच्यांच्या नजरेस पडला आणि तो बराच वेळ तेथेच राहिला. ओळीतला एक दिवा मागे राहिला असून तो खानापूरच्या घाटमाथ्यावर घिरट्या घालतो आहे, असे सर्वांचे मत झाले. त्या रात्री वीज आल्यावर बागेला पाणी सोडण्यासाठी एकट्याने विहिरीवर जायला घरातला थोरला मुलगा धजावला नाही.

अशी हकिगत ऐकल्यावर लोक एक तर हसण्यावारी नेतात, नाही तर परग्रहवासीयांपर्यंत पोहोचतात. दोन्हींमुळे चौकशीचे दार बंद होते. या कुटुंबाने जे पाहिले ते खरोखरच आकाशात होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितले, हे गृहीत धरूनच पुढे जायला हवे. माझे म्हणणे एवढेच आहे की एकाच घरातील पाच जणांनी एकाच वेळी पाहिलेली घटना हा अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा ऐवज असतो. मात्र प्रत्येकाने आपापले निरीक्षण इतरांशी बोलण्यापूर्वी नोंदवले, तरच तो ऐवज टिकतो.

या घरातील पाच साक्षी वेगवेगळ्या विचारल्या, तेव्हा त्यांतले फरक फार बोलके निघाले. आजींनी सांगितले की ती एक लांबच लांब गाडी होती आणि तिच्या खिडक्यांत उजेड होता. वडिलांच्या मते दिवे विमानाच्या वेगाने चालले होते, म्हणजे विमानाच्याच उंचीवर असणार, आणि शेवटी ते सगळे घाटमाथ्यामागे उतरले. आईंना काहीच आवाज आला नाही याचे सर्वांत जास्त नवल वाटले. दहावीतल्या मुलीने मोबाइलवर चित्रफीत घेतली होती. तिच्यात काळोख आणि अधूनमधून फुगणारी एक पांढरी चकती याखेरीज काही नव्हते. थोरल्या मुलाने मात्र दिवे मोजायचा प्रयत्न केला होता. ते विसाच्या पुढे होते आणि ते डोंगरामागे गेले नाहीत, तर बरेच उंच असतानाच आकाशातल्या एका विशिष्ट जागी पोहोचले की एकेक करून विझत गेले, असे त्याने सांगितले.

मुलाच्या या शेवटच्या वाक्यात जवळजवळ सगळे उत्तर आहे. सायंकाळी जमिनीवर अंधार पडला तरी तीनशे किलोमीटर उंचीवर ऊन असते. पृथ्वीची सावली पूर्वेकडून हळूहळू वर चढत असते आणि सूर्य मावळल्यानंतर साधारण सव्वा तासाने आपल्या डोक्यावरच्या तीनशे किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. ईशान्येच्या बाजूला ती त्याआधीच तेथवर आलेली असते. नोव्हेंबरच्या अखेरीस सांगलीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सात वाजता नैर्ऋत्येकडून आलेले उपग्रह डोक्यावर असेपर्यंत उन्हात चमकतात आणि ईशान्येकडे थोडे पुढे गेले की सावलीत शिरतात. एकामागून एक येणारे उपग्रह एकाच जागी विझतात, कारण सावलीची कड तेथेच असते. डोंगराआड जाणाऱ्या किंवा खाली उतरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत असे होणार नाही.

अशी ओळ आज बहुधा एकाच गोष्टीची असते. स्पेसएक्स कंपनीने मे 2019 मध्ये स्टारलिंक मालिकेतील पहिले 60 उपग्रह एकदम सोडले आणि तेव्हापासून असे गट वारंवार सोडले जात आहेत. प्रक्षेपणानंतरचे पहिले काही दिवस हे उपग्रह कमी उंचीवर आणि एकमेकांच्या मागे असतात, त्यामुळे त्यांची माळ दिसते. पुढे ते पाचशे किलोमीटरच्या आसपास आपापल्या कक्षेत पांगतात आणि त्यांचा उजेडही मंद होतो. त्यांतील बहुसंख्य उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे 53 अंशांचा कोन करतात. त्यामुळे महाराष्ट्रातून पाहताना हे उपग्रह नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना दिसतात. कुटुंबाने सांगितलेली दिशा यात तंतोतंत बसते.

वेगाविषयीचा वडिलांचा अंदाज चुकीचा नव्हता, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. ताशी 900 किलोमीटर वेगाने दहा किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान एका सेकंदात पाव किलोमीटर, म्हणजे आपल्या उंचीच्या चाळिसाव्या भागाइतके अंतर कापते. तीनशे किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर कापतो, आणि हेही त्याच्या उंचीच्या जवळपास चाळिसाव्या भागाइतकेच झाले. डोक्यावरून जाताना दोन्ही आपल्याला सारख्याच वेगाने सरकताना दिसतात, तरी त्यांतला एक सातारा ते सांगली हे सुमारे 110 किलोमीटरचे सरळ अंतर पंधरा सेकंदांत ओलांडत असतो. रात्रीच्या आकाशात आजूबाजूला झाड, घर, डोंगर असे मापाला काही नसते. म्हणून अंतर, आकार आणि खरा वेग या तिन्हींपैकी एक तरी बाहेरून कळल्याशिवाय उरलेली दोन सांगताच येत नाहीत. आईंना आवाज आला नाही याचेही कारण यातच आहे, कारण एवढ्या उंचीवर आवाज वाहून आणण्याइतकी हवाच नसते.

आजींच्या खिडक्यांच्या गाडीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण अशा साक्षीची सर्वाधिक टर उडवली जाते. 3 मार्च 1968 च्या रात्री झोंद-4 या सोव्हिएत मोहिमेचे अवशेष वातावरणात जळत अमेरिकेच्या काही राज्यांवरून गेले. प्रत्यक्षात ते वेगवेगळे जळणारे तुकडे होते. तरीही काही सुशिक्षित, जबाबदार साक्षीदारांनी उजळलेल्या खिडक्यांचे एक लांबट यान पाहिल्याचे लेखी कळवले. अंधारात एका रांगेत, एकाच वेगाने सरकणारे ठिपके दिसले की आपला मेंदू त्यांच्यामागे एक सलग शरीर उभे करतो. मधला काळोख हा त्या शरीराचा रंग ठरतो आणि ठिपक्यांच्या खिडक्या होतात. आजींच्या डोळ्यांत दोष नव्हता. जे डोळे अंधारात गोठ्यातले जनावर ओळखतात, त्यांचेच हे रोजचे काम आहे.

महाराष्ट्राने असे दृश्य 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी अनुभवले आहे. राज्याच्या अनेक भागांतून जळत जाणारे तेजस्वी पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. चीनच्या लाँग मार्च 3बी या प्रक्षेपकाचा टप्पा वातावरणात परतल्याची ती घटना असल्याचे तज्ज्ञांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले. पुष्कळांना ती उल्का वाटली होती. येथे फरक करायला एक सोपी खूण आहे. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक वेगाने येते आणि काही क्षणांत संपते. परतणारा प्रक्षेपक कक्षेच्या वेगाने, जवळजवळ आडवा शिरतो आणि मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ जळताना दिसतो.

आता तो लाल-हिरवा दिवा. नोव्हेंबरच्या अखेरीस सायंकाळी सात वाजता सांगलीच्या ईशान्य क्षितिजावर ब्रह्महृदय हा आकाशातील अत्यंत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक नुकताच उगवलेला असतो. तेव्हा तो क्षितिजापासून सुमारे सात अंश वर असतो. इतक्या खालून येणाऱ्या प्रकाशाला डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने कित्येक पट जाड हवेतून यावे लागते. हवा निरनिराळ्या रंगांना किंचित वेगवेगळे वाकवते, त्यामुळे लाल आणि हिरवा किरण हवेच्या वेगवेगळ्या हेलकाव्यांतून आपल्यापर्यंत पोहोचतात आणि तारा क्षणात तांबडा, क्षणात हिरवा-निळा होतो. मोबाइलमधली पांढरी चकतीही बहुधा याच ताऱ्याची असावी, कारण अंधारात कॅमेऱ्याचा फोकस चुकला की ठिपका फुगून चकती होतो.

परंतु तो घिरट्या का घालत होता? अंधारात एकच ठिपका टक लावून पाहिला, तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारख्या कसलेल्या निरीक्षकाने 1799 मध्ये टेनेरीफ बेटावरून तारे हेलकावताना पाहिले आणि ती ताऱ्यांचीच हालचाल मानली होती. हा आपल्या दृष्टीचा परिणाम आहे हे पुढे लक्षात आले. या परिणामाचा उपयोग करून मुझफर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञांनी 1935 मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतात. त्यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांना एक स्थिर दिवा दाखवला आणि तो किती हलला ते विचारले. एकट्याने पाहताना प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. तेच लोक एकत्र बसून मोठ्याने उत्तरे देऊ लागले की त्यांचे आकडे हळूहळू जवळ येत आणि गटाचे एक उत्तर तयार होई. पुढे त्यांना पुन्हा एकटे बसवले, तरी ते गटाचेच उत्तर देत. कोणी खोटे बोलत नव्हते, कोणी कोणावर जबरदस्ती केली नव्हती.

तासगावच्या त्या अंगणातही हेच घडले. मुलाने दिवे उंचावर विझताना पाहिले होते. पण वडिलांनी "घाटमाथ्यामागं उतरले" असे ठामपणे सांगितल्यावर जेवणाच्या वेळेपर्यंत घराची एकच हकिगत झाली आणि तिच्यात मुलाच्या निरीक्षणाला जागा उरली नाही. उंचावर विझलेले दिवे आणि खाली लुकलुकणारा तारा यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, ती "उतरले" या शब्दाने भरून निघाली. दोन वेगळ्या गोष्टींची एक गोष्ट झाली आणि एकत्र केल्यावर ती खरोखरच अनाकलनीय ठरली. लोकांच्या हकिगती ऐकताना मला हे पुन्हा पुन्हा दिसते: न उलगडणारे प्रसंग अनेकदा दोन साध्या प्रसंगांच्या सांध्यावर उभे असतात.

म्हणून असे काही दिसले तर प्रथम मोबाइलवर वेळ पाहावी आणि प्रत्येकाने, अगदी आजींनीसुद्धा नातवाकरवी, आपापले चार शब्द वेगळ्या कागदावर उतरवावेत. दिशा घराच्या कोपऱ्यावरून किंवा ओळखीच्या झाडावरून सांगावी. उंची मोजायला हात पुरेसा आहे: हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ सुमारे दहा अंश, करंगळी एक अंश, आणि ताणलेली वीत साधारण वीस अंश. दिवा स्थिर वाटत असेल, तर भिंतीची कड किंवा विजेचा खांब यांच्याशी त्याची जागा पडताळावी; आधार मिळताच खोटी हालचाल थांबते. दोन तासांनी पुन्हा पाहावे. ब्रह्महृदय असेल तर तो सात वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत दोन मुठी वर चढलेला असेल आणि त्याचे रंगही निवळलेले असतील.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगता येतील. समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा कित्येक मिनिटे हवेत थांबलेला दिसतो. विमान वळले की डाव्या पंखाचा लाल आणि उजव्याचा हिरवा दिवा दिसतो. साताऱ्याहून रात्री यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या गाडीचे दिवे, डोंगर काळोखात मिसळल्यामुळे, आकाशात तरंगत असल्याचा भास होतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये मार्फा गावाजवळ दिसणाऱ्या प्रसिद्ध दिव्यांचा विद्यार्थ्यांच्या एका गटाने 2004 मध्ये अभ्यास केला, तेव्हा त्यांनी पाहिलेले दिवे दूरच्या महामार्गावरील वाहनांचे निघाले. पवनचक्क्यांवरचे लाल दिवे, ड्रोन आणि दिवाळीतले उडते कंदील यांनाही यादीत जागा द्यावी लागते.

एवढे करूनही काही प्रसंग उरतात, आणि ते उरतात हे मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते. आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंबाबतच्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या चौकशीत 1969 पर्यंत 12,618 नोंदी तपासल्या गेल्या आणि 701 नोंदींचा उलगडा झाला नाही. नॉर्वेतील हेसडालेन खोऱ्यात दिसणाऱ्या दिव्यांचा शास्त्रज्ञ 1984 पासून उपकरणांनी अभ्यास करत आहेत, तरी त्यांचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही. गोलाकार विजेच्या, म्हणजे वादळात हवेत तरंगताना दिसणाऱ्या तेजस्वी गोळ्याच्या कहाण्या शतकानुशतके सांगितल्या जात होत्या. 2012 मध्ये चीनमधील संशोधकांच्या उपकरणांत असा एक गोळा योगायोगाने टिपला गेला आणि त्याच्या प्रकाशात मातीत असणारे सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम आढळले. लोकांच्या साक्षी टाकून दिल्या असत्या, तर त्या नोंदीचे महत्त्व कोणाला कळलेही नसते.

घरातल्या पाच साक्षींपेक्षाही एक साक्ष अधिक कामाची ठरते, आणि ती म्हणजे दूरच्या गावातील नातेवाइकाची. 1798 मध्ये ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग या जर्मनीतील दोन विद्यार्थ्यांनी गटिंगनजवळ काही किलोमीटर अंतरावर उभे राहून एकाच वेळी उल्का पाहिल्या आणि दोन ठिकाणच्या दिशांतील फरकावरून त्यांची उंची काढली. तोपर्यंत उल्का किती उंचीवर जळतात याचे असे पद्धतशीर मोजमाप झालेले नव्हते. तेच काम सातारा आणि सांगली येथील दोन घरे एका फोनवर करू शकतात. साताऱ्यातून आग्नेयेला आणि सांगलीतून वायव्येला, दोन्हीकडून साडेचार मुठी उंचीवर दिवा दिसला, तर तो मधोमध सुमारे 55 किलोमीटर उंचीवर आहे. दोन्हीकडे उंची जवळजवळ आठ मुठी भरली, तर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सांगलीत दिसला आणि साताऱ्यात मुळीच दिसला नाही, तर तो गावाच्या आसपासच शोधायला हवा. आणि दोन्ही घरांतून तो त्याच दिशेला, त्याच उंचीवर दिसत असेल, तर तो इतका दूर आहे की 110 किलोमीटरच्या अंतराने काहीच फरक पडत नाही, आणि त्याचे नाव ताऱ्यांच्या नकाशात सापडण्याची शक्यता फार मोठी आहे.