शेतीसाठी बंदूक घेताय? आधी हे वाचा

शेतीसाठी बंदूक पाहिजे म्हणून जी मंडळी दुकानात येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आधीच रायफल बसलेली असते नायतर रिव्हॉल्व्हर, आणि शेतातली गरज असते वेगळीच. कुणाच्या भुईमुगात डुकरं उतरतात, कुणाच्या उसात गवे, कुणाच्या केळीत वानरं, कुणाची शेरडं बिबट्यानं उचलली. यातल्या कशावर बंदूक चालते आणि कशावर अजिबात चालत नाही हे आधी कळलं तर पैसे पण वाचतात आणि पुढची कोर्टकचेरी पण. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड आणि घाटाखालून कणकवली-सावंतवाडीकडची जी मंडळी आमच्याकडे येतात त्यांना आम्ही काउंटरवर जे सांगतो तेच इथं लिहून देतोय, घरी निवांत वाचा, घरच्यांना पण वाचायला द्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. बंदुकीचं लायसन म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. दोन वेगळे कायदे आहेत, दोन वेगळी खाती आहेत. लायसन मिळतं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली, जिल्हाधिकारी ऑफिसातून. जनावरांचं सगळं चालतं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, वनखात्याकडून. त्या कायद्यात २०२२ ला मोठे बदल झाले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि आता रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्याच्या दुसऱ्या यादीत आहेत, गवा, बिबट्या, हत्ती, मोर हे सगळे अनुसूची एकमध्ये. डुकरांनी उभं पीक लोळवलं तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, त्यासाठी आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी साहेबांकडे अर्ज करायचा, आणि परवानगीत जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, त्याच्या पुढं एक पाऊल नाही. मारलेलं जनावर सरकारचं असतं, ते वनखात्याला कळवून ताब्यात द्यायचं, वाटे घातले की सरळ केस. जिवावरच बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला बार काढला तर कायदा तुमच्या बाजूनं आहे, फक्त त्या वेळी तुम्ही स्वतः शिकारीला वगैरे गेलेले नसला पाहिजे.

गवा आणि हत्तीसमोर बंदूक घेऊन उभं राहायचंच नाही. छऱ्यानं जखमी झालेला गवा दुसऱ्या दिवशी वैरणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येतो, तुमच्या नाही. बिबट्यासाठी पण बंदूक मागू नका, त्याला उपाय गोठ्याचा आहे, बाजूनं कितीही भिंत बांधा वरून जाळी नसेल तर तो येणारच, म्हणून आधी वरची जाळी आणि रात्री दाराला कडी. पीक किंवा जनावर गेलं तर वनखात्याकडून भरपाई आहे, पंचनाम्यासाठी त्याच दिवशी कळवा, फोटो काढून ठेवा, खुरांचे ठसे नांगरून टाकू नका.

मग बंदूक लागते कशाला? खरं सांगायचं तर मुख्यतः आवाजाला. कळप बांधावर आला की एक बार, आणि कळप माघारी. आमच्या मते शेतीतल्या बंदुकीचं नव्वद टक्के काम एवढंच आहे, म्हणून महागडी, लांब मारणारी, दिखाऊ बंदूक शेतकऱ्यानं घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे, आमचा धंदा असला तरी.

कायदा काय देतो ते पण बघा. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीरक्षणासाठी आधी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची बंदूक धरलेली आहे, आणि ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही अशी लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची (आत पीळ नसलेली) बंदूक, नळी किमान वीस इंच. म्हणजे अर्ज करतानाच ठासणीची का पुरत नाही हे नीट लिहा, पावसात केप (ठिणगी पाडणारी टोपी) भिजते, एक बार काढल्यावर परत भरायला वेळ जातो, शेत डोंगराला लागून आहे, जे खरं आहे ते लिहा. नुसतं "संरक्षणासाठी" एवढा एक शब्द लिहून अर्ज टाकला की तो लोंबकळत राहतो.

अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा, राधानगरीच्या आजूबाजूची गावं तर यात येतातच. तिथं नवीन लायसन द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते आणि ज्यांच्याकडे आधीपासून बंदूक आहे त्यांनी तिची नोंद वनखात्याकडे करायची असते. पाहुण्याकडे जाताना अभयारण्यातल्या रस्त्यानं बंदूक घेऊन जायचं नाही, परवानगी असल्याशिवाय अजिबात नाही.

आता बंदुकीवर येऊ. शेतकऱ्याला आम्ही पहिलं नाव घेतो ते बारा बोअर एकनळीचं, बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप. वजनाला हलकी, मोडून उघडली की नळी आरपार दिसते, भरलेली आहे का रिकामी हे अंधारात बोटानं चाचपून पण कळतं, बिघडण्यासारखं आत फार काही नाही. दोननळी घेतली तर दुसरा बार हाताशी राहतो, पुढचा चाप बहुतेक उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा, डावी नळी तोंडाला जरा जास्त आवळलेली म्हणजे छरा लांबपर्यंत एकत्र राहतो. जिथं रात्री एकटंच राखणीला जावं लागतं तिथं दोननळी बरी. बाकीच्यांनी एकनळीच घ्यावी. पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागंपुढं ओढून भरायची) चांगली बंदूक आहे पण नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस राहून गेलं की रिकामी समजून घरात आणली जाते, रोज सराव नसणाऱ्याला आम्ही ती देत नाही म्हटलं तरी चालेल.

खांद्याला लावून बघितल्याशिवाय बंदूक घेऊ नका. दुकानात रिकामी बंदूक हातात देतो, डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा, नळीवरचा मणी सरळ समोर दिसला तर दस्ता (खांद्याला टेकणारा भाग) तुमच्या मापाचा, मान वाकवावी लागली तर नाही. ज्याच्या नावावर लायसन त्यानंच यायचं, भावाला पाठवून माप होत नाही.

काडतूस. इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. खोक्यावर जो नंबर असतो तो छऱ्याचा, नंबर वाढेल तसा छरा बारीक. सहा नंबरचा छरा साधारण अडीच मिलिमीटरचा, चार नंबर तीनच्या आसपास, आणि अक्षरांनी ओळखतात ते मोठे छरे, बीबी चार, एसजी आठच्या वर, एलजी नवाच्या आसपास. नुसतं हाकलायला बारीक छऱ्याचं काडतूस पुरतं, आवाज एसजीएवढाच होतो, आणि नळी नेहमी बांधाच्या मातीकडं किंवा मोकळ्या उताराकडं, जिथं पलीकडं वस्ती नाही. बारीक छरा पण दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, एसजीचा दाणा पाचशेच्या पुढं. आणि नेम धरून बाराबोअरचं काम फक्त पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत, त्याच्या पुढं छरा फाकतो आणि जनावर मरत नाही, नुसतं जखमी होऊन रानात कुजतं. वनखात्याची परवानगी हातात असेल तरी त्याच्या पलीकडून चाप ओढू नका, फार वाईट हाल होतात त्या जिवाचे.

खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत. फक्त लांबी बघून घ्यायची. जुन्या बंदुकांचं घर (नळीत काडतूस बसतं ती जागा) पासष्ट मिलिमीटरचं असतं, नवीन काडतुसं सत्तरची पण येतात, आणि गंमत अशी की सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात सहज बसतं, कारण बार व्हायच्या आधी त्याचं तोंड दुमडलेलं असतं, उडाल्यावर ते उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब भलताच वाढतो. नळीवर काय छापलंय ते कळत नसेल तर बंदूक घेऊन या, आम्ही मापून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि घरात वीस बोअरची पण बंदूक असेल तर दोन्हीची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढं जाऊन अडकतं, वरून बंदूक रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं भरतो आणि नळी फुटते.

रायफलबद्दल थोडक्यात. ३०३ बोअरची रायफल सामान्य माणसाला मिळतच नाही, ती प्रतिबंधित बोअर आहे. ईशापूरची ३१५ मिळू शकते आणि बंदूक म्हणून ती दणकट आहे, पण तिची गोळी दोन किलोमीटरच्या पुढं जाते आणि आपल्याकडं कुठल्याही शेतापासून दोन किलोमीटरच्या आत वाडी नाही असं ठिकाण दाखवा. शेतीरक्षणाला रायफल नको. कानपूरचं ३२ चं रिव्हॉल्व्हर पण शेतात कामाचं नाही, आखूड नळी, अंधार, पळणारं डुक्कर, नेम लागणार कसा.

एअरगनची चौकशी रोज असते. साडेचार मिलिमीटर म्हणजे १७७ बोअरची आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन असेल तर लायसन लागत नाही, ओळखपत्राची नोंद करून आम्ही देतो, पोरांना निशाणा शिकवायला उत्तम. पण वानरांवर आणि मोरांवर चालवायला म्हणून मागितली तर देणार नाही. गुन्हा तर आहेच, शिवाय छरा कातडीत अडकतो आणि ते वानर महिनाभर सडत फिरतं. पीव्हीसी पाइप आणि कार्बाईडची जी गन व्हिडिओ बघून बनवतात ती पण करू नका, २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं असल्या गननं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. कुंपणात थेट मीटरचा करंट सोडणं तर कुणाच्या मनात पण येऊ नये, सौर कुंपण झटका देतं, जीव घेत नाही, आणि त्याला सरकारी अनुदान पण आहे. आमच्या मते पाच एकराच्या भुईमुगाला आधी सौर कुंपण, मग बंदूक.

आजोबांची बंदूक घरात आहे असं सांगणारे पण खूप येतात. लायसनदार वारला की ती बंदूक घरात तशीच ठेवणं बेकायदेशीर आहे, पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या दुकानात जमा करा, पावती घ्या, मग वारसानं अर्ज करायचा. लायसनदार हयात असेल आणि सत्तरी ओलांडली असेल किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल तरी वारसाच्या नावावर करता येते, आणि हे काम म्हातारं माणूस हिंडतंफिरतं आहे तोवर करावं, सह्यांना सोपं जातं. जुन्या बंदुकीच्या नळीवर सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, ती काळ्या दारूसाठी बनलेली, आजचं काडतूस तिच्यात घालू नका. तशीच ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली दारू काढून भरू नका, ती दारू वेगळी असते, बंदूक हातात फुटते.

ठासणीची बंदूक भरून भिंतीला टांगून ठेवायची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे. कृपा करून बंद करा. एक सोपी युक्ती सांगतो, नळी रिकामी असल्याची खात्री झाली की ठासायचा गज आत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीनं बारीक खूण करा. पुढं कधीही शंका आली की गज सोडायचा, खूण वर राहिली म्हणजे आत बार आहे किंवा काहीतरी अडकलंय.

काडतुसी बंदुकीत पण नळीतून रोज बघायचं. पावसाळ्यानंतर नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, बोटभर माती असते फक्त, पण तेवढ्यानं नळी फुगते किंवा फाटते. पावसाळ्यात बंदूक कव्हरमध्ये घालून ठेवू नका, कव्हर ओल धरतं, आतून गंज चढतो. पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून कुलपाच्या कपाटात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. बार काढला आणि उडाला नाही तर लगेच उघडायचं नाही, नळी मातीकडं धरून अर्धा मिनिट थांबायचं, कधी कधी बार उशिरा होतो. आणि रात्री झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपल्याच भागातून येतात, आणि मेलेला बहुतेक वेळा सोबतच राखणीला आलेला असतो. बॅटरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसलं पाहिजे, त्याच्या मागं काय आहे ते दिसलं पाहिजे, नायतर चापावरचं बोट काढा.

लायसनला वय एकवीस पूर्ण पाहिजे, २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका आणि लायसनची मुदत पाच वर्षं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी ऑफिसात जातो, पोलिसांचा रिपोर्ट येतो, डॉक्टरांचा दाखला आणि बंदूक हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. रिन्यूअल दोन महिने आधी टाका. निवडणुकीत बंदूक जमा करायची नोटीस आली तर जमा करा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर आहे का ते तिथंच उभं राहून वाचा, पीक काढणीला आलं असेल तर सवलतीचा अर्ज त्याच वेळी द्या.

दुकानात येताना ओरिजिनल लायसन आणि आधार आणा, नुसत्या झेरॉक्सवर बंदूक काय, एक काडतूस पण देता येत नाही. अजून लायसन नसेल तरी या, सातबारा आणि शेताचे, नुकसानीचे फोटो घेऊन या, अर्जात काय लिहायचं ते बसून सांगतो. जुनी बंदूक दाखवायला आणताना रिकामी करून, उघडून, लायसनसोबत आणा आणि एसटीत तर नीट बांधून.