बोगोटा शहरात फिरताना : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे आमच्यामार्फत जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तिकिटांसोबत हे पत्रक दिले जाते. ते निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे आधी वाचावे, अशी विनंती आहे.

तीन आठवडे म्हणण्याचे कारण पिवळ्या तापाची लस. बोगोटा उंचावर असल्यामुळे खुद्द शहरात या तापाचा धोका जवळजवळ नसतो. तरीही भारत सरकारच्या यादीत कोलंबियाचे नाव असल्याने, परतताना लसीचा वैध दाखला जवळ नसेल तर आपल्याला भारतीय विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला वैध होतो आणि ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २६४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळपास हजार मीटर उंच वसलेले आहे. पहिल्या दिवशी दम लागणे, डोके जड होणे, झोप नीट न लागणे हे अनेकांना जाणवते. तो दिवस मोकळा ठेवावा, भरपूर पाणी प्यावे (तेथील नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे) आणि ३१५२ मीटर उंचीच्या मोन्सेरात्ते डोंगरावर लगेच जाऊ नये. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. विषुववृत्त जवळ असूनही हवा वर्षभर गारच असते आणि पाऊस केव्हाही येतो. स्वेटर व छत्री दोन्ही लागतात.

आता पत्त्यांविषयी, कारण एवढे एक समजले की अनोळखी शहर निम्मे ओळखीचे होते. डोंगररांग नेहमी पूर्वेला असते, हे आधी मनात ठसवावे. डोंगराला समांतर, म्हणजे साधारण दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यांना ‘कारेरा’ म्हणतात आणि त्यांचे क्रमांक डोंगरापासून पश्चिमेकडे वाढत जातात. त्यांना छेदणारे रस्ते ‘काये’. जुन्या शहरातून उत्तरेकडे जाताना त्यांचे क्रमांक वाढतात. ‘कारेरा ७, क्रमांक १२-४५’ असा पत्ता असेल, तर सातव्या कारेरावर, बाराव्या कायेच्या कोपऱ्यापासून तेराव्या कायेच्या दिशेने सुमारे ४५ मीटर चालल्यावर ते दार येते. तिरप्या रस्त्यांपाशी हा हिशेब थोडा बिघडतो, पण खरी फसगत ‘सूर’ या शब्दाने होते. सूर म्हणजे दक्षिण. ‘काये २६’ आणि ‘काये २६ सूर’ हे दोन वेगळे रस्ते असून त्यांच्यात कित्येक किलोमीटरचे अंतर आहे. टॅक्सीचालकाला पत्ता दाखवताना हा शब्द आहे की नाही, ते पाहूनच दाखवावा.

भुयारी रेल्वे येथे नाही, उन्नत मेट्रोचे काम चालू आहे. शहराचा भार २००० साली सुरू झालेली ट्रान्समिलेनिओ ही बससेवा वाहते. लाल रंगाच्या लांबलचक बस स्वतंत्र मार्गिकेतून धावतात आणि ‘तुयावे’ हे कार्ड टेकवूनच स्थानकात शिरता येते. बसच्या क्रमांकातील अक्षर ती कोणत्या विभागाकडे चालली आहे ते सांगते, म्हणून परतीच्या बसचा क्रमांक वेगळा असतो. गेलात त्याच क्रमांकाची बस शोधत थांबू नये. सकाळ-संध्याकाळची गर्दी पाहून मुंबईकरांना घरच्यासारखे वाटेल, मात्र पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. ‘पपई देऊ नका’ अशी तेथील म्हण आहे. चोराला आयती संधी देऊ नका, असा तिचा अर्थ. रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाइलवर नकाशा पाहणे म्हणजे नेमकी तीच पपई. अंधार पडल्यावर रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवण्याऐवजी हॉटेलातून किंवा ॲपवरून मागवावी.

वारांचा विचार करून बेत आखावा. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद असते, तर जुन्या ला कांदेलारिया भागातील बोतेरो संग्रहालय मंगळवारी. दुसऱ्याला प्रवेशशुल्क नाही. रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते मोटारींना बंद करून सायकलस्वार व पादचाऱ्यांसाठी मोकळे केले जातात. आमच्या मते शहर पाहण्याची याहून चांगली वेळ नाही, फक्त त्या दिवशी विमानतळाकडे निघायचे असल्यास वेळ हाताशी ठेवावा.

शाकाहारी प्रवाशांनी ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, कोंबडी नको) एवढे पाठ करावे आणि सूप मांसाच्या रश्शात केलेले नाही ना, हे वेगळे विचारावे. मक्याची आरेपा नावाची जाड भाकरी सर्वत्र मिळते. किमतीपुढे डॉलरचे चिन्ह दिसले तरी ते पेसोच असतात, आणि तेथे हजारांनंतर स्वल्पविराम न देता टिंब देतात; २०.००० म्हणजे वीस हजार पेसो. वीजपुरवठा ११० व्होल्टचा व प्लग दोन चपट्या पिनांचा असतो, तेव्हा ॲडॉप्टर येथूनच घेऊन जावा.