उघडं बाळ छातीशी धरलं तर गारठतं?

"कमी वजनाचं बाळ उघड्या अंगाने आईजवळ देऊ नका, गारठेल, दुपट्यात घट्ट गुंडाळा." सल्ला काळजीपोटीच दिला जातो. पण दुपटं स्वतः ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. अडीच किलोखालच्या बाळाच्या अंगावर चरबीच कमी, तेव्हा धरून ठेवायला ऊब तरी किती असणार? ती आईच्या छातीतून मिळते. टोपी, मोजे, लंगोट. बाकी त्वचेला त्वचा, वरून पांघरूण. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडल्या, तेव्हा हेच सुरू झालं. बाबांची छातीही चालते, केसाळ असली तरी! व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं मात्र डॉक्टर ठरवतील.

खात्री करायचीय? तासाभराने काखेत थर्मामीटर लावा: ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. तळपाय पोटाइतकेच कोमट लागतात का, हेही हाताने कळतं.