रिमोट डेस्कटॉपसाठी एन्क्रिप्टेड टनेल

घरच्या किंवा प्रवासातल्या संगणकावरून कार्यालयातल्या संगणकाचा पडदा, कळफलक आणि माउस चालवताना होणारी सगळी देवाणघेवाण एका सांकेतिक वाहिनीत गुंडाळून पाठवण्याची पद्धत. पुस्तकी मराठीत तिला ‘कूटबद्ध बोगदा’ म्हणता येईल. मुंबईच्या कार्यालयांत मात्र ‘आधी व्हीपीएन लाव, मग आरडीपी घे’ असेच ऐकू येते. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी खासगी, कूटबद्ध वाट; आरडीपी म्हणजे विंडोजची रिमोट डेस्कटॉप पद्धत.

बोगद्याची उपमा मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. पारसिकच्या डोंगरातला रेल्वे बोगदा १९१६ पासून वापरात आहे. गाडी आत असताना डब्यात कोण बसले आहे हे डोंगरावरच्या माणसाला दिसत नाही. पण ती किती वाजता शिरली, केवढी लांब होती आणि कुठून बाहेर पडली, हे त्याला सहज टिपता येते. एन्क्रिप्टेड टनेलचेही तसेच आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा हॉटेलच्या वाय-फायवर टपून बसलेल्याला मजकूर वाचता येत नाही, मात्र कुठल्या दोन पत्त्यांमध्ये, केव्हा आणि किती डेटा गेला हे कळते. टनेल मजकूर लपवतो, येजा लपवत नाही.

रिमोट डेस्कटॉपची दोन घराणी इथे महत्त्वाची. व्हीएनसी ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमधल्या एका संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. ती सहसा ५९०० आणि त्यापुढच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारांवर, चालते. तिच्या मूळ रूपात पडद्यावरचे चित्र उघडेच प्रवास करते आणि पासवर्डची पहिली आठ अक्षरेच जमेस धरली जातात. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे आरडीपी, १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आला. त्याचे ठरलेले पोर्ट ३३८९. त्यात एन्क्रिप्शन होते, पण पलीकडचा सर्व्हर खरा की मध्ये कोणी तोतया बसला आहे, हे पारखण्याची सोय लंगडी होती. सर्व्हरच्या ओळखीवर सही करणारी खासगी किल्ली विंडोजच्याच एका फाइलमध्ये लिहून ठेवलेली आहे आणि ती सगळीकडे एकच आहे, असे २००५ मध्ये उघड झाले. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने टीएलएस, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे वापरतात ती प्रमाणपत्राने ओळख पटवणारी कूटबद्ध पद्धत, आणली. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन आले, त्यात लॉगिनचा पडदा उघडण्याआधीच वापरणाऱ्याची ओळख तपासली जाते.

मग आज आरडीपी स्वतःच कूटबद्ध असताना वेगळा टनेल कशाला? व्हीएनसीला तो गुप्ततेसाठी लागतो. आरडीपीला मुख्यतः दार झाकण्यासाठी लागतो. राउटरमध्ये ३३८९ चे पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवले, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर येणारे सगळे थेट आतल्या संगणकाकडे वळवले, की जगातला कोणताही संगणक त्या दारावर येऊन थाप मारू शकतो, आणि स्वयंचलित प्रोग्राम तसे रात्रंदिवस करतात. पासवर्ड कच्चा असेल तर तो सापडतो आणि मग खंडणीखोर रॅन्समवेअर आत उतरते. पासवर्ड भक्कम असला तरी निभावेलच असे नाही: १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने ज्या ‘ब्लूकीप’ त्रुटीवर दुरुस्ती दिली, तिच्यात विंडोज ७ आणि त्याआधीच्या यंत्रांवर पासवर्ड न देताच ताबा घेता येत होता. प्रकरण इतके गंभीर होते, की पाठबळ केव्हाच थांबवलेल्या एक्सपीसाठीही कंपनीने दुरुस्ती काढली. अशा वेळी कुलूप भारी असून काय करायचे, चौकटच कुजकी. ३३८९ बदलून ३३९० केले म्हणजे झाले, हा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने लॉगमधल्या, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतल्या, थापा कमी होतात, एवढेच. सगळी पोर्ट चाचपणाऱ्याला नवे दार सापडतेच.

टनेलचा जुना आणि अजूनही स्वस्त मार्ग म्हणजे एसएसएच (सिक्युअर शेल). हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या ताटू युलोनेन यांनी, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, १९९५ मध्ये तो लिहिला. ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती १९९९ मध्ये आली. दूरच्या यंत्रावर आज्ञा देणे हे त्याचे मूळ काम, पण त्याच जोडणीतून दुसऱ्या प्रोग्रामचा डेटाही नेता येतो.

समजा, डोंबिवलीतल्या लॅपटॉपवरून फोर्टमधल्या पेढीचा संगणक चालवायचा आहे. पेढीच्या नेटवर्कमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२०. तिथल्याच एका छोट्या लिनक्स यंत्रावर एसएसएच सर्व्हर चालू आहे आणि बाहेरून फक्त तोच दिसतो. लॅपटॉपवरच्या एसएसएचला सांगायचे: माझ्या १३३८९ पोर्टवर जे येईल ते टनेलमधून पलीकडे ने आणि तिथून १९२.१६८.१.२० च्या ३३८९ ला दे. मग रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत पेढीचा पत्ता न लिहिता लोकलहोस्ट आणि १३३८९ लिहायचे. आपण आपल्याच यंत्राशी बोलतो आहोत असे त्या प्रोग्रामला वाटते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्त्यांपासून ओपनएसएसएच विंडोजचा भाग म्हणूनच मिळते. त्याआधी पुटी या मोफत एसएसएच प्रोग्रामच्या ‘टनेल्स’ या पानावर हेच भरावे लागे, आणि बरेच जण अजून तेच करतात.

या मांडणीत दोन गोष्टी नजरेआड होतात. लिनक्स यंत्रापासून पेढीच्या संगणकापर्यंतचा शेवटचा टप्पा एसएसएचच्या बाहेर असतो. तिथे आरडीपीचे स्वतःचे टीएलएस उपयोगी पडते. व्हीएनसी असेल तर तो टप्पा उघडाच. दुसरे म्हणजे आपण लोकलहोस्टला जोडत असल्यामुळे प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नाही आणि दर वेळी इशारा येतो. इथे तो निरुपद्रवी असतो, पण न वाचता ‘येस’ दाबण्याची जी सवय जडते ती पुढे भलत्याच ठिकाणी महागात पडते. एसएसएच पहिल्या भेटीत सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवतो. तो फोनवरून कार्यालयातल्या माणसाला विचारून ताडून पाहायचा असतो. हे काम सगळे टाळतात.

एसएसएचच्या अशा टनेलमधून फक्त टीसीपी जाते, म्हणजे हरवलेला तुकडा पुन्हा मागवत सगळे क्रमाने पोचवणारी पद्धत. आठव्या आवृत्तीपासून आरडीपी यूडीपीचाही, म्हणजे हरवलेल्या तुकड्यासाठी न थांबणाऱ्या पद्धतीचाही, वापर करते, तो फायदा इथे सुटतो आणि डळमळीत मोबाइल नेटवर्कवर पडदा अडखळतो. व्हीपीएनमध्ये ही अडचण कमी. ओपनव्हीपीएन आणि आयपीसेक हे जुने पर्याय. नवा व्हीपीएन वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आला. लोकलमध्ये बसून फोनच्या हॉटस्पॉटवर काम करताना पत्ता बदलला तरी त्याची जोडणी टिकते. मोठ्या कंपन्या बहुधा रिमोट डेस्कटॉप गेटवे वापरतात. तो ४४३ पोर्टवरून, साध्या सुरक्षित संकेतस्थळासारखा, हाच डेटा वाहून नेतो.

मुंबईत ही गरज एका आठवड्यात घरोघरी पोचली ती कोविडमुळे, मार्च २०२० मध्ये. कॉल सेंटर आणि तत्सम ‘इतर सेवा पुरवठादारांना’ तोवर घरून काम देण्यासाठी अनामत रक्कम आणि अधिकृत पुरवठादाराचेच व्हीपीएन अशा अटी होत्या. १३ मार्च रोजी दूरसंचार विभागाने त्या तात्पुरत्या सैल केल्या. दहाएक दिवसांत लोकल थांबल्या. मोठ्या कंपन्यांकडे व्हीपीएन होतेच. काळबादेवी, मशीद बंदर, अंधेरीच्या गाळ्यांमध्ये मात्र एकाच संगणकावर टॅली, त्यातच दहा वर्षांचे हिशेब, आणि हिशेबनीस विरार-बदलापूरला. अशा ठिकाणी राउटरमध्ये ३३८९ उघडून देणे हा पाच मिनिटांचा उपाय होता. तात्पुरता म्हणून उघडलेला पोर्ट बंद करायला मात्र कोणी परत येत नाही.

छोट्या कार्यालयांची आणखी एक अडचण म्हणजे स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा कायमचा पत्ता, नसणे. स्वस्त ब्रॉडबँडवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून आत येताच येत नाही. उपाय उलट्या टनेलचा: कार्यालयातले यंत्र स्वतःहून बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरला जोडते आणि कर्मचारी तिथे येऊन मिळतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, म्हणून हा मधला सर्व्हर शहरातच घेता येतो आणि माउस हलवल्यावर बाण मागे रेंगाळत नाही. ओपनएसएसएचमध्ये उलट्या टनेलचे तोंड मूळ सेटिंगनुसार त्या सर्व्हरपुरतेच उघडते. ‘गेटवे पोर्ट्स’ चालू केले की ते साऱ्या जगाला उघडे होते, म्हणजे इतका खटाटोप करून पुन्हा राउटरवर ३३८९ उघडल्यासारखेच.

टनेलची हमी वाटेपुरती असते. लॅपटॉपमध्ये आधीच व्हायरस असेल तर तोही त्याच बोगद्यातून सुखरूप कार्यालयात पोचतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या रिमोट डेस्कटॉप ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले. त्या प्रकारात एन्क्रिप्शनमध्ये खोट नसते. ग्राहक स्वतःच जोडणीचा क्रमांक वाचून दाखवतो. म्हणून जाणकार पासवर्डऐवजी किल्लीची फाइल, तिलाही सांकेतिक वाक्य, वर ओटीपीसारखा दुसरा घटक, आणि टनेलमधून नेमक्या एकाच पत्त्याची परवानगी असा बंदोबस्त करतात. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली त्याच दिवशी काढायची असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवण्याची अट मात्र, व्हीपीएनच्या बाबतीत, ते जनतेला विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही.

आणि पलीकडचा संगणक चालू असावा लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा टनेल कितीही पक्का असला तरी दुसऱ्या टोकाला उत्तर द्यायला कोणी नव्हते. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, असते. ती केली नसेल, तर वॉचमनला फोन करून बटण दाबायला सांगावे लागते.