कॉम्प्रेशन चाचणी

इंजिन न उघडता सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजून पिस्टन रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली गळती रोखणारी चकती) यांची अवस्था ओळखण्याची पद्धत. पेट्रोल आणि सीएनजी इंजिनांत स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून ती करतात. पुण्यातल्या गॅरेजांत तिला नुसते ‘कॉम्प्रेशन बघणे’ म्हणतात.

इंजिन आधी गरम करतात, मग इंधन आणि इग्निशन तोडून सगळे प्लग काढतात. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून काटा स्थिरावेपर्यंत, म्हणजे पाच-सहा फेरे, सेल्फ मारतात. थ्रॉटल बंद राहिला किंवा बॅटरी उतरलेली असली, तर धडधाकट इंजिनही नापास होते. ज्या मोटारसायकलींत सेल्फ हलका जावा म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डिकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून देण्याची, सोय असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो.

मोटारीच्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय (चौरस इंचावर पौंड, दाबाचे एकक) दाब मिळतो. मॅन्युअलमधले आकडे मात्र सहसा समुद्रसपाटीचे धरलेले असतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांनी कमी, त्यामुळे मुंबईत १८० दाखवणारे इंजिन इथे १६८च्या आसपास दाखवते. महाबळेश्वरला त्याहून खाली. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असेल, तर केवळ आकडा कमी आला म्हणून इंजिनकाम काढणे घाईचे ठरते.

एखादा सिलिंडर कमी दाखवू लागला की त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. जैसे थे राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेल्याचा संशय पहिला. उलट आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर आत कार्बन साचलेला असू शकतो.

पुण्यातल्या रिक्षांमुळे इथल्या मिस्त्रींच्या हाताखालून सीएनजी इंजिने भरपूर जातात. हा वायू कोरडा. पेट्रोलसारखा तो व्हॉल्व्हच्या बैठकीला ओलावा आणि गारवा देत नाही. बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. अशा वेळी हेड उतरवण्याआधी टॅपेट तपासणे शहाणपणाचे.

गळती नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी पिस्टन वरच्या टोकाला आणून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरतात. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल ओतण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट गेले किंवा हेडला तडा आहे. डिझेल इंजिनात दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीच्याही वर जातो. त्याला पेट्रोलचे गेज लावू नये.