रक्तविलयी ॲनिमियातील कृत्रिम ऑक्सिजनवाहक

तांबड्या पेशींच्या मदतीशिवाय ऊतींना ऑक्सिजन पोहोचवणारी, शिरेतून देण्याची द्रावणे. रक्त गोठवणे, जंतूंशी लढणे ही रक्ताची बाकीची कामे त्यांना जमत नाहीत.

तीव्र रक्तविलयी ॲनिमियात तांबड्या पेशी तयार होण्यापेक्षा वेगाने फुटतात. त्याच्या स्वप्रतिकारजन्य प्रकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा, रुग्णाची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बहुधा कोणत्याही दात्याच्या पेशींना चिकटतात. त्यामुळे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी पडताळण्याची चाचणी, जुळत नाही आणि चढवलेले रक्तही फुटू लागते. तरीही जीव धोक्यात असेल तर त्यातल्या त्यात जुळणारे रक्त देतातच. तेही पुरेना, किंवा रुग्ण रक्त घ्यायलाच तयार नसेल, तेव्हा या द्रावणांचा विचार होतो. त्यांच्या मुख्य वर्गात हीमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील ऑक्सिजन वाहणारे प्रथिन, असते; पण त्याला पेशीचे आवरण नसते, त्यामुळे प्रतिपिंडांना धरायला काही सापडत नाही आणि रक्तगटाचा प्रश्नही उरत नाही.

सर्वांत परिचित द्रावण ‘हीमोप्युअर’. गाईच्या रक्तातील हीमोग्लोबिनचे रेणू ग्लुटराल्डिहाइडने एकमेकांना जोडून ते बनवतात. कारण सुटे रेणू दुभंगून मूत्रपिंडांना इजा करतात. दक्षिण आफ्रिकेने 2001 मध्ये शस्त्रक्रियेतील ॲनिमियासाठी त्याला परवानगी दिली. त्याआधी, 2000 मध्ये, स्वप्रतिकारजन्य रक्तविलयन झालेल्या एका तरुणीवरील त्याच्या वापराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. अमेरिकेत मात्र ते फक्त विशेष परवानगीने, दुसरा उपाय नसलेल्या रुग्णांनाच मिळते.

आवरण नसणे हाच त्याचा मोठा दोषही आहे. मोकळे हीमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. रक्तविलयनात रुग्णाच्या स्वतःच्या फुटलेल्या पेशी हेच आधीपासून करत असतात, म्हणजे ही भर दुखण्याच्याच दिशेने पडते. 2008 मधील एका एकत्रित विश्लेषणात अशा द्रावणांमुळे हृदयविकाराचा झटका व मृत्यू यांचा धोका वाढल्याचे दिसले. त्यावर बराच वाद झाला. शिवाय पेशीतील विकरांचे (एन्झाइमांचे) संरक्षण नसल्याने मेथहीमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारे हीमोग्लोबिन, साचते. त्यावरचे मेथिलीन ब्लू हे औषध तांबड्या पेशींचे रक्षण करणाऱ्या जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता असलेल्यांत रक्तविलयन आणखी वाढवते. द्रावणाच्या लाल रंगामुळे रक्ताच्या काही तपासण्याही चुकतात.

परफ्लुरोकार्बन हा दुसरा वर्ग. त्यात हीमोग्लोबिन नसते, ऑक्सिजन नुसता विरघळतो. त्यामुळे रुग्णाला श्वासातून भरपूर ऑक्सिजन द्यावा लागतो.

हीमोप्युअरचा परिणाम साधारण दिवसभरात निम्म्यावर येतो, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. तोवर स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब यांसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी पेशींचा नाश थांबवायचा आणि अस्थिमज्जेला नव्या पेशी बनवायला अवधी मिळवून द्यायचा, एवढ्यासाठीच ते वापरतात.